कपभर म्हणजे किती

ग्रॅमसाहेबांना सगळी गल्ली ग्रॅमसाहेब म्हणायची, आणि ते त्यांना आवडत नव्हतं असं मुळीच नाही. वजनंमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. दुकानात शिरायचं, काट्यावर खात्याची वजनं ठेवायची, काटा खरा निघाला तर शिक्का मारायचा आणि खोटा निघाला तर उचलून न्यायचा. एकदा तपासून भागत नसे. तीनदा तपासायचं, तीनही वेळा आकडा तोच आला तरच तो आकडा, असा खात्याचा नियम होता आणि साहेबांच्या तो हाडीमाशी खिळला होता. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघत. औषधाची गोळी पाकिटातून काढण्याआधी तिचं नाव तीनदा वाचत. निवृत्त झाल्यावरही भाजी घेताना त्यांची नजर भाजीवर कमी आणि काट्याखालच्या फळीवर जास्त असायची, आणि ते लांबून येताना दिसले की भाजीवाला पारडं पुसून ठेवायचा.

अशा माणसाची बायको, त्याच्या डोळ्यांदेखत, कपाने मोजून केक करायची.

तो कप म्हणजे इनॅमलचा, पांढरा, निळ्या काठाचा, कान तुटलेला आणि एका जागी टवका उडालेला. तो मैद्याच्या डब्यातच पडलेला असे. दर रविवारी दुपारी काकू (गल्लीच्या त्या काकूच होत्या) तो कप मैद्यात खुपसायच्या, आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या ग्रॅमसाहेबांचं अंग तापायला लागायचं.

"मैदा किती घेतलास गं?"

"दोन कप."

"अगं, पण एक कप म्हणजे किती?"

"कपभर."

"कपभर म्हणजे किती?"

"कप भरेल इतका!"

मग ओट्यावर कप आपटल्याचा आवाज यायचा. आपटलं की भुसभुशीत पीठ खाली बसतं, वर जागा होते, त्या जागेत काकू आणखी मैदा घालायच्या. ग्रॅमसाहेब आतल्या दिशेने ओरडायचे, "आपटू नकोस! आपटलं की माप बदलतं!"

"बदलतं म्हणूनच आपटते हो!"

ते दातओठ खात पेपर उलटायचे. केक मात्र व्हायचा. घट्ट, ओलसर, वर मधोमध एक भेग पडलेला. दर रविवारी तसाच, त्याच जागी भेग असलेला. ग्रॅमसाहेब दोन तुकडे खायचे आणि तिसरा घेताना म्हणायचे, "वजनाने केला असतास तर आणखी चांगला झाला असता." काकू हसायच्या. लग्न झाल्यापासूनचा हा संवाद, आणि दोघांनाही तो हवा होता.

मग एका सकाळी दात घासताना काकूंच्या हातून ब्रश पडला. तो उचलायला त्या वाकल्या, त्या पुन्हा आपल्या पायांवर उठल्या नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणंही गेलं. म्हणजे आवाज होता, पण शब्द हाताला लागत नव्हते. एकच गोष्ट शाबूत राहिली होती, आणि ती ऐकून आधी सगळ्यांना आनंद झाला, मग कोणालाच तिचं काय करावं ते कळेना. काकूंना अंक येत होते. "पाणी हवं का?" असं विचारलं की त्या तोंड उघडायच्या, धडपडायच्या, आणि बाहेर यायचं, "एक, दोन, तीन, चार, पाच..." सुरू झालं की थेट वीसपर्यंत. मध्ये थांबवता येत नसे. वीस झाले की त्या दमून जायच्या आणि डोळ्यांत पाणी यायचं, कारण हे आपल्याला म्हणायचं नव्हतं एवढं त्यांना कळत होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. पाठ असलेलं तेवढं राहतं, बाकीचं सापडत नाही.

आयुष्यभर माणसांकडून खरा आकडा काढून घेणाऱ्या ग्रॅमसाहेबांच्या नशिबी हे आलं. बायकोकडे आकडेच आकडे होते, आणि एकाही आकड्याला वजन नव्हतं.

हॉस्पिटलात काकूंच्या नाकातून नळी घातली होती. तिच्यातून पातळ जेवण पोटात जायचं. काकूंनी ती डाव्या हाताने उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेव्हा नर्सने मऊ पट्टी घेऊन तो डावा हात, उरलेला एकुलता एक चालता हात, पलंगाच्या दांडीला बांधून टाकला. काकूंनी आधी दांडीकडे पाहिलं आणि मग ग्रॅमसाहेबांकडे. पट्टी सोडा असं ती नजर म्हणत होती, त्यासाठी शब्दांची गरज नव्हती. ग्रॅमसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. गाड्या उभ्या होत्या.

पुढे काकू थोडं थोडं तोंडाने घेऊ लागल्या, नळी निघाली, हात सुटला आणि त्या घरी आल्या. बाहेरच्या खोलीतला सोफा हलवून तिथे दांडीचा पलंग लावला. ग्रॅमसाहेबांच्या जिवात जीव आला. पण घरी आल्यावर काकूंचं तोंड हळूहळू मिटायला लागलं. आधी चार चमचे खायच्या, मग दोन, मग चमचा ओठांपर्यंत आला की मान भिंतीकडे. रोज तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी दंडाला टेप लावून बघितली आणि लगेच गुंडाळली. टेपवरचा आकडा ग्रॅमसाहेबांनी वाचला होता.

डॉक्टर येऊन गेले. "सोमवारी पुन्हा येतो," ते दाराशी हळू आवाजात म्हणाले. "तोवर तोंडाने नीट खायला लागल्या तर उत्तमच. नाहीतर नळी घालावी लागेल. आणि नळी आली की हात बांधणं आलं, ते तुम्ही पाहिलंयच."

"हात नाही बांधायचा," ग्रॅमसाहेब म्हणाले.

"मग त्यांना खाऊ घाला," डॉक्टर म्हणाले. रागाने नाही, समजुतीनेच म्हणाले, पण साहेबांना ते चाबकासारखं लागलं.

नर्सबाई जाता जाता थांबल्या. "गिळायला येतंय हो काकूंना, मी तपासलंय. मनच नाही त्यांचं. त्यांच्या ओळखीच्या चवीचं काहीतरी देऊन बघा. फक्त मऊ हवं, दुधात भिजवलेलं."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती लांब राहायची आणि तिचं बाळ अजून अंगावर पीत होतं, येणं शक्य नव्हतं. "बाबा," ती म्हणाली, "आईचा केक करून बघा ना."

"कृती सांग."

"दोन कप मैदा, एक कप साखर, अर्धा कप लोणी, तीन अंडी, अर्धा कप दूध, चमचाभर बेकिंग पावडर."

"ग्रॅममध्ये सांग."

"आईने मला कपातच सांगितलंय. थांबा, नेटवर बघते... इथे म्हणतात एक कप मैदा म्हणजे एकशे वीस ग्रॅम. दुसरीकडे एकशे चाळीस दिलंय. हे आणखी एक, एकशे पंचवीस."

ग्रॅमसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एका कपाची तीन वजनं? सगळे जप्त केले पाहिजेत!"

"बाबा, त्यांचा कप वेगळा, आईचा वेगळा. आईचा कप आहे ना घरात?"

कप घरात होता. मैद्याच्या डब्यात, जिथे असायचा तिथेच. ग्रॅमसाहेबांनी तो धुतला, पुसला आणि कपाटातून आपला काटा काढला. खात्यातून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी भेट दिलेला तो छोटा काटा, ज्याने आजवर पोस्टाची पाकिटं सोडून काही मोजलं नव्हतं. कप पाण्याने काठोकाठ भरला. एकशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम. तीनदा भरला, तीनदा तोच आकडा. इथवर जग शहाण्यासारखं वागत होतं. साखर घेतली. तिचंही वजन दर वेळी जवळजवळ सारखंच आलं. लोणी दाबून भरलं, तेही सरळमार्गी निघालं.

मैदा मात्र हट्टाला पेटला. चमच्याने हलकेच घातला तर एक वजन. कप डब्यात खुपसून काढला तर दुसरं. सुरीने वरून सपाट केला तर तिसरं. त्याच कपात, त्याच डब्यातला मैदा, आणि दर वेळी काटा वेगळं बोलत होता. भामट्या दुकानदारांनीसुद्धा ग्रॅमसाहेबांना इतकं छळलं नव्हतं. शेवटी त्यांनी शास्त्राला धरून चमच्याने हलका मैदा भरला, न आपटता, न दाबता, आणि एकशे दोन ग्रॅम हा आकडा पक्का केला. आपटायचं नाही हे तर त्यांचं जुनंच तत्त्व होतं.

केक झाला. उंच, हलका, कडेला खुसखुशीत. वर भेग नव्हती. खालच्या मजल्यावरची शिंपीण वास येऊन वर आली आणि दारातूनच म्हणाली, "अगं बाई, साहेब! हा तर दुकानातल्यासारखा झालाय की!"

ग्रॅमसाहेब खूश झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की काकूंच्या केकला असं कोणी कधी म्हणालं नव्हतं.

त्यांनी तुकडा कोमट दुधात भिजवला, चमचा काकूंच्या ओठांशी नेला. वासाने काकूंनी डोळे उघडले. तोंडही उघडलं! शिंपिणीने पदराखाली हात जोडले. काकूंनी घास जिभेवर धरला, थोडा वेळ तसाच धरला, आणि मग ओठांच्या वाकड्या कोपऱ्यातून तो हळूच बाहेर सोडून दिला. मान भिंतीकडे गेली.

"हा नाही तिचा," ग्रॅमसाहेब म्हणाले. शिंपिणीने ओल्या फडक्याने काकूंची हनुवटी पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी कप हातात घेतला. आजवर ते इथे पाणी प्यायला यायचे, पिऊन जायचे. बायको मैदा कसा भरते हे त्यांनी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. पण ऐकलं होतं. तो आवाज. टक. त्यांनी मैद्याने भरलेला कप ओट्यावर आपटला आणि पीठ खाली बसलं. वरची जागा भरली, वजन केलं. एकदा आपटून एकशे तेरा. दोनदा आपटून एकशे एकवीस. तीनदा आपटून एकशे सत्तावीस. म्हणजे सगळं घोडं इथे अडलं होतं. किती वेळा आपटायचं ते कळलं की केक सापडला!

आणि ते त्यांना आठवेना.

दर रविवारी ऐकलेला आवाज. प्रत्येक वेळी त्यावरून ओरडलेले. पण किती वेळा? त्यांनी डोळे मिटले, बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसून पाहिलं, हातात पेपरसुद्धा धरला. आठवत होता तो स्वतःचा ओरडा. आवाज त्या ओरड्याखाली बुडून गेला होता.

मुलीला फोन केला. "आई कप किती वेळा आपटायची?"

"मी कधी बघितलंच नाही, बाबा. ती कपभर म्हणायची, मी कपभर लिहून घ्यायचे. माझा केक कधी आईसारखा झाला नाही." मग ती म्हणाली, "मला वाटायचं, ओव्हनचा फरक असेल."

शिंपिणीला विचारलं. ती म्हणाली, "ऐकू यायचं ना खाली! मी म्हणायचेसुद्धा, चला, काकूंचा केक सुरू झाला. पण मोजायला मी काय तुमच्या खात्यात होते, साहेब?"

राहिल्या काकू. ग्रॅमसाहेब पलंगाशी स्टूल ओढून बसले. कप त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "हा कप. मैदा भरल्यावर तू आपटायचीस. किती वेळा? किती वेळा आपटायचीस?"

काकूंनी कपाकडे पाहिलं. चेहरा उजळला. तोंड उघडलं. "एक, दोन, तीन..." इथे त्यांनी श्वास घेतला, आणि ग्रॅमसाहेबांचं काळीज उडी मारून वर आलं, "...चार, पाच, सहा..."

वीसपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग बोटं दाखवली. दोन बोटं. काकूंनी मान हलवली. तीन बोटं. काकूंनी मान हलवली. पाच बोटं. काकूंनी त्याच उत्साहाने हो म्हणून मान हलवली.

तरी साहेब हटले नाहीत. मैद्याचा डबा बाहेर आणला, पलंगावर जुनी चादर पसरली, काटा तिपाईवर मांडला आणि कप काकूंच्या डाव्या हातात दिला. "तूच भर. तू भर, मी वजन करतो."

काकूंनी कप डब्यात खुपसला. ही खुपसण्याची तऱ्हा त्यांची होती, ती लगेच ओळखू आली. पण हात त्यांचा नव्हता. डाव्या हाताने हे काम कधी केलंच नव्हतं. कप तिरपा झाला, अर्धा मैदा चादरीवर गेला. त्यांनी कप डब्याच्या काठावर आपटला, नीट बसला नाही, पुन्हा आपटला, घसरला, पुन्हा, पुन्हा, आणि मग थांबायचं कधी हेच हाताला कळेना. टकटकटक असा तो आपटतच राहिला. ग्रॅमसाहेबांनी कप काढून घेऊन वजन केलं. एकशे एकतीस. "पुन्हा," ते म्हणाले. दुसऱ्यांदा शहाण्णव. "पुन्हा!" तिसऱ्यांदा कप निम्माच भरला होता.

"अगं, नीट भर ना!" ते ओरडले. "एकदा तरी नीट भर! काय चाललंय तुझं!"

काकूंचा हात जागच्या जागी थांबला. त्यांच्या भुवयांवर, केसांवर, नाकाच्या शेंड्यावर मैदा उडाला होता. त्या घाबरल्या होत्या. साहेबांच्या आवाजाला घाबरलेल्या त्यांना साहेबांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण आजवर त्या ओरडण्याला आतून उत्तर यायचं.

ते आत गेले, नळ सोडला आणि वाहत्या पाण्याखाली हात धरून उभे राहिले. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. मग फडकं ओलं करून ते बाहेर आले आणि काकूंचा चेहरा त्यांनी पुसून काढला, भुवया, नाक, कान. काकूंनी पुसू दिला.

आता विचार करणं भाग होतं. मोजायला तर कोणी उरलं नव्हतं, तेव्हा ग्रॅमसाहेबांनी त्यांच्या पद्धतीने निर्णय घेतला. काकू तीनवर थांबल्यासारख्या वाटल्या होत्या. आणि तीन हा आकडा मुळातच भरवशाचा. कोणतीही गोष्ट करायची ती तीनदा, त्याहून कमी म्हणजे निष्काळजीपणा आणि जास्त म्हणजे वेळेचा अपव्यय. तिच्यासारखी बाई, जिने एकाच जागी भेग पाडत इतकी वर्षं केक केला, ती तीनच वेळा आपटत असणार. त्यांना तो आकडा इतका पटला की तीनदा वाजणारा टक त्यांना आठवायलाही लागला.

कपामागे एकशे सत्तावीस ग्रॅम. रविवारी दुपारी, काकूंच्या वेळेला, ग्रॅमसाहेबांनी केक ओव्हनमध्ये ठेवला. काचेतून ते डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. केक फुगला, आणि वर, मधोमध नाही पण जरा एका बाजूला, भेग पडली. ते एकटेच टाळी वाजवणार होते, पण त्यांनी हात आवरले.

भिजवलेला घास काकूंनी तोंडात घेतला. जिभेवर फिरवला. कपाळाला आठी पडली, जशी माणसाला रस्त्यात ओळखीचा चेहरा दिसतो आणि नाव आठवत नाही तशी. आणि मग गळा हलला. गिळला! घास खाली गेला!

"आणखी," ग्रॅमसाहेब म्हणाले. "हा घे, आणखी एक."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ओठ मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत. साहेबांनी दूध बदललं, घास लहान केला, ताटली बदलून काकूंच्या नेहमीच्या निळ्या बशीत केक आणला, स्वतः एक घास खाऊन दाखवला. केक चांगला होता. घट्ट होता, पण जरा कोरडा, घशाशी अडणारा. ओळखीचा होता आणि नव्हता. कुठे चुकलंय ते जिभेला कळत होतं, काट्याला सांगता येत नव्हतं. साहेबांना वाटलं, लोणी कमी पडलं. की दूध? मैद्यावर त्यांनी संशय घेतलाच नाही, तो आकडा त्यांनी स्वतः पक्का केला होता.

सोमवारी सकाळी उठून त्यांनी पुन्हा केक केला. लोणी वाढवलं, मैदा तेवढाच. नर्सबाई आल्या तेव्हा ते ओव्हनसमोर जमिनीवर बसलेले होते.

"काका," त्या म्हणाल्या, "केकचा दोष नसेल हो. कधी कधी माणसालाच नको असतं."

"दोष आहे," ग्रॅमसाहेब म्हणाले. "माप चुकतंय. मला दोन दिवस द्या फक्त."

त्या केकचा घास काकूंनी तोंडातही घेतला नाही. दुपारी डॉक्टर आले. त्यांनी काकूंची कातडी चिमटीत धरून पाहिली, जीभ पाहिली, आणि पिशवी उघडली. ग्रॅमसाहेबांनी दोन दिवस मागितले, मग एक मागितला. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नर्सबाईंना खूण केली. खोट्या काट्यांचे मालक असेच एक दिवस मागायचे, आणि ग्रॅमसाहेबांनी तो कधी कोणाला दिला नव्हता.

नळी घालताना काकूंनी साहेबांचं मनगट धरलं होतं. नळी गेली, चिकटपट्टीने नाकाला बसली, आणि मग ते मनगट सोडवून नर्सबाईंनी हात दांडीला बांधला. गाठ सैल होती, आत दोन बोटं जात होती, साहेबांनी ती स्वतः घालून पाहिली. यापेक्षा जास्त त्यांच्या हातात काही नव्हतं.

"आता महिनाभर तरी तोंडाने काही नको," डॉक्टर म्हणाले. "या अवस्थेत ठसका लागला तर भारी पडेल. केक तर नाहीच."

नर्सबाईंनी साहेबांना सगळं शिकवलं. पातळ जेवणाची पावडर पाण्यात ढवळायची, रेघा असलेल्या प्लास्टिकच्या मगात ओतायची. एका वेळी बरोबर दोनशे मिलिलिटर, ना जास्त ना कमी. कोमट हवं. मग नळीच्या तोंडाला सिरिंजचं नळकांडं लावायचं, उंच धरायचं आणि सावकाश ओतायचं.

"तुम्हाला काय, सोपं आहे," नर्सबाई त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाल्या. "सगळं मापातच आहे."

खरंच सगळं मापात होतं. ग्रॅमसाहेबांनी आयुष्यभर बायकोकडे जे मागितलं होतं ते आता तिच्या पोटात थेंबाच्या हिशोबाने जाणार होतं. चवीचा प्रश्नच नव्हता, जिभेचा संबंधच येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एकट्याने पहिल्यांदा ते जेवण कालवलं. बाहेरच्या खोलीत पलंगाशेजारी तिपाईवर मग ठेवला आणि रेघ बघायला खाली वाकले. पण ढवळल्यामुळे वर फेस आला होता. फेसाने रेघ झाकली होती. दोनशेला भरलंय की एकशे नव्वदला, ते कळेना. फेस बसल्याशिवाय माप कसं कळणार? त्यांनी तो मग उचलला आणि तिपाईवर आपटला.

टक.

"एक," काकू म्हणाल्या.

साहेबांचं लक्ष फेसाकडे होतं. काकूंना अंक येतातच, त्यात नवल नव्हतं. त्यांनी तो मग पुन्हा आपटला.

"दोन," काकू म्हणाल्या.

फेस अजून होता. साहेबांनी तिसऱ्यांदा आपटला, आणि तीनची वाट न बघताच वाकले. वाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तीन आलाच नाही. त्यांनी मान वर केली. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावर स्पष्ट नापसंती होती.

ग्रॅमसाहेब सरळ उभे राहिले. एकदा तपासून भागत नाही. त्यांनी तो मग उचलला आणि अगदी सावकाश पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टक. "एक." टक. "दोन." टक. काही नाही. थोडं थांबून आणखी एकदा. टक. "एक." टक. "दोन." या खेपेला त्यांनी तिसऱ्यांदा मग उचलला आणि हवेतच धरला. काकूंनी ओठ घट्ट मिटले आणि बांधलेल्या हाताचा पंजा त्या पट्टीतच हलकेच उघडला, जसं कुणी कप खाली ठेवतं तसा.

तीनदा वाचन, तीनदा तोच आकडा.

दोनदा आपटून एकशे एकवीस ग्रॅम. तो आकडा त्यांनी स्वतः काढला होता. काट्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि तो टाकून त्यांनी तीन धरला होता, कारण खात्यात तीन धरतात. त्यांनी तिला विचारलं होतं, बोटं दाखवली होती, तिच्यावर ओरडले होते, तिच्या पांगळ्या हाताकडून करून घ्यायला बघितलं होतं. तिच्यासमोर बसून नुसता कप आपटायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. कसं सुचणार? आपटू नको म्हणण्यात जन्म गेला होता.

ते स्टुलावर बसले. हातातला मग त्यांनी मांडीवर धरला.

"दोनच होते ना गं?" त्यांनी विचारलं. "दोनदा आपटायचीस ना तू?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी कुणीतरी बरोबर विचारलं होतं! त्यांनी तोंड उघडलं, नळीमुळे जरा अडखळल्या, आणि जीव तोडून उत्तर दिलं.

"एक, दोन, तीन, चार, पाच..."

ग्रॅमसाहेबांनी त्यांना अडवलं नाही. वीसपर्यंत सगळे आकडे मान हलवत ऐकून घेतले. तोवर फेस बसला होता आणि जेवण रेघेला बरोबर टेकलं होतं. ते निवण्याआधी द्यायचं होतं. त्यांनी नळकांडं नळीला लावलं, एका हाताने उंच धरलं आणि ओतायला सुरुवात केली.